लूव्रमधली ती कोण? पिसानेल्लोचं छोटं चित्र आणि ज्युनिपरची डहाळी

मंजिरी_नाशिक
मागच्या महिन्यात लेकीकडे जाऊन आले. परतताना तीन दिवस पॅरिस. लूव्रमध्ये घरचे सगळे मोनालिसाच्या गर्दीत शिरले आणि मी गुडघ्यांचं कारण सांगून डेनॉन विंगमध्येच रेंगाळले. (कारण अर्धं खरं होतं.) तिथे एका चित्रापुढे थांबले ती चांगली पंधरा-वीस मिनिटं.

चित्र एवढंसं. साधारण ४३ बाय ३० सेंटिमीटर, भिंतीवरच्या कॅलेंडरएवढं. लाकडाच्या फळीवर टेम्पेरा, म्हणजे अंड्यात कालवलेले रंग. एक तरुण मुलगी, एका बाजूने दाखवलेली, तोंड आपल्या डावीकडे. केस मागे इतके ताणून बांधलेत की बघणाऱ्याचं डोकं दुखावं. तिच्या मागे गडद हिरवी पानं, त्यात कार्नेशन आणि कोलंबाइनची फुलं, मधेमधे फुलपाखरं. चित्रकार पिसानेल्लो, इटलीतला. काळ १४३५ ते १४४५ च्या आसपासचा धरतात.

घरी येऊन वाचायला बसले तर कळलं की ही मुलगी कोण हेच पक्कं नाही! इटलीतल्या फेरारावर राज्य करणाऱ्या एस्टे घराण्यातली, इथपर्यंत ठीक. बहुतेक जण तिला जिनेव्रा द'एस्टे म्हणतात, आणि त्याचा मुख्य आधार काय, तर खांद्यापाशी खोचलेली ज्युनिपरची (सुईसारख्या पानांचं एक झुडूप) डहाळी. इटालियनमध्ये ज्युनिपरला म्हणतात जिनेप्रो. जिनेप्रो, जिनेव्रा. झालं बारसं.

एवढ्याशा काडीवर बाईचं नाव ठरवायचं? उद्या मी गजरा माळून फोटो काढला तर माझं नाव मोगरा का? जाणकारांनी सांगावं.

चहाटळ
पहिली! चित्र शोधून येते.

रेनकोट
ताई, तुमचं नाव मंजिरी आहे हो. तुळशीची मंजिरी खोचून फोटो काढलात तर आम्ही ओळखूच. :)

ओसरीवरचा
चित्र पाहिलं. कपाळ केवढं ते! कॅरम खेळता येईल. आमच्या आजीच्या भाषेत 'मोठ्या कपाळाची' म्हणजे नशीबवान. खरंच नशीबवान होती का बाई?

मंजिरी_नाशिक
@रेनकोट, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! स्वतःच्याच धाग्यात फसले.
@ओसरीवरचा, ते कपाळ मुद्दाम तसं केलेलं. पुढचे केस उपटून केसांची रेषा मागे न्यायची तेव्हाची फॅशन. उंच, गुळगुळीत कपाळ म्हणजे सौंदर्य. नशिबाचं मात्र कठीण दिसतंय. इतिहासवाले कुठे आहेत?

बखरबहाद्दर
आलो.

जिनेव्राचा बाप निकोलो तिसरा, फेराराचा मार्की, म्हणजे तिथला सत्ताधीश. या माणसाला इतकी मुलं, आणि त्यातली इतकी लग्नाबाहेरची, की तिकडे म्हणच पडली: 'पो नदीच्या अलीकडे पलीकडे, सगळी निकोलोचीच पोरं.' आई पारिझिना मालातेस्ता, वयाने निकोलोपेक्षा बरीच लहान. पारिझिनाचं आपल्या सावत्र मुलाशी, उगोशी, सूत जुळलं. निकोलोला कळल्यावर त्याने १४२५ मध्ये दोघांचीही डोकी उडवली. स्वतःच्या बायकोचं आणि स्वतःच्या थोरल्या पोराचं. जिनेव्रा १४१९ ची, तेव्हा सहा वर्षांची असेल.

पुढे १४३४ मध्ये तिचं लग्न झालं रिमिनीच्या सिजिस्मोंदो पांदोल्फो मालातेस्ताशी, म्हणजे आईच्याच माहेरच्या घराण्यात. सिजिस्मोंदो १४१७ चा, तोही पोरगाच. १४४० मध्ये ती एकविसाव्या वर्षी वारली. नवऱ्याने विष घातलं असं बोललं गेलं. त्याची दुसरी बायको पोलिसेना स्फोर्झा १४४९ मध्ये गेली, तेव्हाही त्याच्यावरच बोट. पोप पायस दुसरा तर त्याच्यावर इतका खवळलेला की १४६२ मध्ये रोममध्ये त्याचे पुतळे जाळले आणि त्याला जिवंतपणी नरकात 'दाखल' करून टाकलं. संतपद देतात तसा सोहळा, पण उलट दिशेने.

एक लक्षात ठेवायचं. पोप आणि सिजिस्मोंदो यांच्यात प्रदेशावरून हाडवैर होतं. तेव्हा पोपने लिहिलेलं सगळं पुरावा म्हणून घेऊ नये. शत्रूच्या बखरीत कोण कसा दिसतो हे आपल्याला काय नवीन आहे का?

चहाटळ
बापरे. संध्याकाळी सातच्या मालिकेला तीन वर्षं पुरेल.

ओसरीवरचा
मोठ्या कपाळाचं विधान मागे घेतो.

टाकादोरा
मला इतिहास येत नाही, पण भरतकाम येतं, म्हणून तेवढंच बोलते. सगळे डहाळीकडे बघताय, माझी नजर तिच्या पाठीमागे लोंबणाऱ्या बाहीवर गेली. त्यावर दोन कानांचा एक कलश भरलेला आहे, मोत्यांनी. चित्र मोठं करून बघा. मोती असे ओळीने बसवलेत की कापडाला वजन आलंय, आणि ते वजन चित्रकाराने दाखवलंय. बाही सरळ खाली पडते, फुगत नाही. ज्याने भरजरी शालू हातात धरलाय त्याला कळेल मी काय म्हणते ते.

शोधल्यावर कळलं की तो कलश एस्टे घराण्याचं चिन्ह आहे. निकोलोचा मुलगा लेओनेल्लो ते वापरायचा. तेव्हा माझ्या मते डहाळीपेक्षा बाही भरवशाची. डहाळी कोणीही खोचेल. पण मोत्यात भरलेलं घराण्याचं चिन्ह काय कोणी शेजारणीकडून उसनं आणून घालतं?

निरंजन_म्युनिक
टाकादोराताई, बाहीचा मुद्दा अगदी बरोबर, पण तिथेच गोची आहे. कलश सांगतो 'एस्टे'. लेक की सून, ते सांगत नाही. सूनही सासरचं चिन्ह घालणारच.

म्हणून दुसरी उमेदवार: मार्गेरिता गोंझागा. इटलीतल्याच मांतुआच्या सत्ताधीशाची, जानफ्रांचेस्को गोंझागाची मुलगी. १४३५ मध्ये तिचं लेओनेल्लोशी लग्न झालं. कलश लेओनेल्लोचा, मग तो त्याच्या बायकोच्या बाहीवर असणं जास्त स्वाभाविक नाही का? मार्गेरितावाले आणखी एक सांगतात: चित्रात लाल, पांढरा आणि हिरवा हे रंग आहेत, ते गोंझागांचे. ही पण बिचारी १४३९ मध्ये गेली.

म्हणजे सासर बाहीवर, माहेर रंगांत. हिशोब जुळतो.

रेनकोट
आणि डहाळीचं काय? मार्गेरिता म्हणजे तर डेझीचं फूल ना? तिला डेझी खोचायची सोडून ज्युनिपर कशाला? शिवाय ज्युनिपर टोचतो. फॅशन म्हणून कोणी उगाच खांद्यावर काटे घेत नाही. ती डहाळी काहीतरी सांगायलाच लावलीय.

बखरबहाद्दर
+१. त्या काळी नावावर अशी कोटी करणं हा दरबारी छंदच होता. लेओनेल्लो म्हणजे छोटा सिंह. १४४४ मध्ये त्याचं दुसरं लग्न आरागॉनच्या मारियाशी झालं, तेव्हा पिसानेल्लोनेच पदक केलं. त्यात सिंह उभा आहे आणि मदन त्याला गाण्याचा कागद दाखवून गायला शिकवतोय. नवरदेव म्हणजे सिंह, सिंहाला गायला लावणारं प्रेम. हा विनोद ज्याला कळतो त्याच दरबारात जिनेप्रोची डहाळीही कळणार.

मुक्ता_वि
लिओनार्दोचंही असंच आहे ना? वॉशिंग्टनला त्याचं जिनेव्रा दे बेंचीचं चित्र आहे, तेही छोटंच, ३८ सेंटिमीटरच्या आसपास. तिच्या चेहऱ्यामागे ज्युनिपरचं अख्खं झुडूप, आणि फळीच्या मागच्या बाजूला पुन्हा लॉरेल आणि ताडाच्या पानांमध्ये ज्युनिपरची डहाळी. ती जिनेव्रा दरबारातली नव्हे, फ्लॉरेन्सच्या सावकार घरातली, आणि चित्र पिसानेल्लोच्या तीसेक वर्षांनंतरचं. पण नावाची युक्ती तीच. तेव्हा मंजिरीताई, काडीला इतकं हलकं लेखू नका.

निरंजन_म्युनिक
लिओनार्दोने १४७० च्या दशकात कोटी केली म्हणून पिसानेल्लोनेही केलीच असेल, हे सिद्ध होत नाही. युक्ती प्रचलित होती एवढंच कळतं.

मुक्ता_वि
मग रंगांचाही तोच न्याय लावा. लाल, पांढरा, हिरवा. फुलं-पानं रंगवायची म्हटली की हे तीन रंग येणारच! उद्या पुलावातही गोंझागा सापडतील.

निरंजन_म्युनिक
:D मान्य. पुलावाचा मुद्दा लागला.

पानगळ
मी फुलपाखरांसाठी आलोय. वर्षातले चार रविवार सह्याद्रीत कॅमेरा घेऊन पालथा पडलेला असतो, त्या अधिकाराने लिहितो. यातलं एक सरळ रेड ॲडमिरल आहे. काळपट पंख, त्यावर नारिंगी पट्टा, टोकाला पांढरे ठिपके. चित्रातल्या फुलपाखरावरून जात ओळखता येणं ही साधी गोष्ट नाही. बऱ्याच जुन्या चित्रांत 'फुलपाखरू' असतं, जात नसते.

या माणसाची रेखाटनं बघा. लूव्रने १८५६ मध्ये व्हालार्दी नावाच्या व्यापाऱ्याकडून चित्रांचा एक मोठा संग्रह घेतला, तोही लिओनार्दोचा समजून! नंतर कळलं की त्यातलं बरंचसं पिसानेल्लो आणि त्याच्या हाताखालच्या लोकांचं आहे. घोडे, पक्षी, कुत्रे, सगळं समोर ठेवून काढलेलं. घोड्याच्या नाकपुड्या अशा की फुरफुर ऐकू यावी.

पण इथे एक खुसपट काढतो. पानं-फुलं वेलबुट्टीसारखी सपाट मांडलीत, मुलीच्या मागे जणू पडदा टांगलाय. रेड ॲडमिरलच्या अळ्या खाजकुयलीसारख्या अंगाची आग करणाऱ्या नेटल या झुडपावर वाढतात. इथे नेटल कुठेच नाही. म्हणजे फुलपाखरू वहीतून उचलून इथे ठेवलंय, बागेत बघून नाही.

संध्याछाया
फुलपाखरं नुसती शोभेची नाहीत पण. ग्रीकमध्ये 'सायकी' म्हणजे आत्मा आणि फुलपाखरूही. मुलगी नुकतीच गेलेली असावी आणि हे तिच्या स्मरणार्थ काढलेलं असावं, असं मानणारे आहेत. मला ते पटतं. ती आपल्याकडे बघतच नाही. ती कुठेतरी निघून चाललीय. मी चित्र लॅपटॉपवर लावून ठेवलं तर माझी सासूसुद्धा म्हणाली, "ही पोर जगणार नाही गं."

ओसरीवरचा
सासूबाईंना धागा वाचायला दिला होतात का आधी? खरं सांगा. हलके घ्या.

निरंजन_म्युनिक
संध्याछायाताई, ती आपल्याकडे बघत नाही कारण तेव्हा कोणीच बघत नसे! इटलीत त्या काळी व्यक्तिचित्र म्हटलं की ते एका बाजूनेच. कारण समोर नमुना होता रोमन नाण्यांचा. नाण्यावर सीझर असतो तसा. आणि पिसानेल्लो तर नाण्यांच्या धर्तीवरच्या पदकांचा आद्य पुरुष. १४३८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा जॉन आठवा चर्चच्या परिषदेसाठी फेराराला आला, त्याचं पदक याने केलं. काशाचं, ओतीव, सुमारे १० सेंटिमीटर व्यासाचं. तळहातावर मावणारा बादशहा. एका बाजूला चेहरा, उलट्या बाजूला दुसरं चित्र, आणि सही 'चित्रकार पिसानोची कृती'. पदकावरही स्वतःला तो चित्रकारच म्हणवून घेतो हे मला फार आवडतं.

तर या मुलीचं चित्र म्हणजे माझ्या मते रंगीत पदक. पदकाच्या मागच्या बाजूला जी कोडी घालायची ती इथे फुलांत, बाहीवर आणि डहाळीत घातलीत.

गौरीहर
अगदी! आणि आपल्याकडे मुघल आणि राजस्थानी लघुचित्रांतही चेहरा 'एकचश्म'च. एकच डोळा दिसणारा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण रोजचं लघुचित्रांचं बघणं असल्यामुळे मला ही मुलगी परकी वाटलीच नाही. पाश्चात्त्य पोर्ट्रेट बघताना नेहमी समोरच्याने आपल्याकडे डोळे लावलेले असतात, थोडं अवघडायला होतं. हिच्याकडे निवांत बघता येतं.

टाकादोरा
'निवांत बघता येतं' हेच मला खटकतं. ती उलट बघू शकत नाही म्हणून आपण निवांत. ज्या मुलीला दागिन्यांसकट एका घरातून दुसऱ्या घरात पाठवायचं, तिचं चित्र असंच काढणार. अंगावर सासर-माहेरची चिन्हं, नजर बाजूला.

गौरीहर
पण पुरुषही तसेच काढले की त्याने! इटलीत बेर्गामोला लेओनेल्लोचं चित्र आहे, तोही बाजूनेच.

बखरबहाद्दर
त्यावरून आठवलं. १४४१ मध्ये त्या लेओनेल्लोच्या चित्रासाठी पिसानेल्लो आणि व्हेनिसचा याकोपो बेल्लिनी यांच्यात स्पर्धा लागली होती. परीक्षक कोण, तर निकोलो. आणि त्याने बेल्लिनीला जिंकवलं! बेल्लिनीचं चित्र आज कुठेच नाही, आणि बेर्गामोचं आहे तेच हरलेलं चित्र, असं मानतात. बायको आणि पोरगा यांच्याबाबतच नव्हे, चित्रांच्या बाबतीतही या गृहस्थाचा न्याय तसाच.

रेनकोट
निरंजन, एक शंका. बेर्गामोच्या चित्रात लेओनेल्लोचं तोंडही डावीकडेच आहे. मुलगी त्याची बायको असती आणि ही जोडी असती तर दोघं समोरासमोर नकोत का? पिएरो देल्ला फ्रांचेस्काच्या चित्रात उर्बिनोचा फेदेरिको आणि त्याची बायको बातिस्ता स्फोर्झा एकमेकांकडे बघतात तसे. इथे तर दोघंही बसच्या सीटवर बसल्यासारखे एकाच दिशेला.

निरंजन_म्युनिक
बसची सीट! हो, आणि आकारही जुळत नाही. लेओनेल्लोचं चित्र सुमारे २८ बाय १९, बरंच लहान. म्हणजे जोडी नव्हती हे मान्य. पण जोडी नव्हती म्हणून बायको नव्हती असं नाही ना. तिचं चित्र वेगळ्या वेळी झालं असेल.

मुक्ता_वि
स्मरणार्थ चित्रांबद्दल वर बोलणं झालं म्हणून: बातिस्ता स्फोर्झा १४७२ मध्ये सव्वीसाव्या वर्षी गेली. त्या चित्राच्या मागच्या बाजूला लॅटिन मजकूर आहे, त्यात तिच्याबद्दलचं क्रियापद भूतकाळी आहे. म्हणून ते तिच्या मृत्यूनंतरचं मानतात. याला म्हणतात पुरावा, व्याकरणाचा! आपल्या मुलीच्या चित्रात असं एकही क्रियापद नाही. आहेत ती फक्त नामं. कलश, डहाळी, फुलपाखरू.

संध्याछाया
मुक्ता, हे छान म्हणालीस. पण तरी मला ती उदास वाटते.

पानगळ
मी चेहरा हाताने झाकून पाहिला आणि मग फक्त चेहरा पाहिला. चेहऱ्यावर काहीच नाही. ओठ मिटलेले, डोळा अर्धा उघडा, झालं. बखरबहाद्दरांनी विषाची गोष्ट सांगितली आणि तिथपासून सगळ्यांना विष दिसायला लागलं. समजा उद्या सिद्ध झालं की ही मुलगी नव्वद वर्षं जगली, बारा नातवंडं झाली. मग आपण म्हणू, काय समाधानी चेहरा आहे!

चहाटळ
हे लाख बोललात. माझ्या पासपोर्टच्या फोटोकडे बघून लोक विचारतात, तब्येत बरी नव्हती का.

बखरबहाद्दर
दोष माझा. पण एक शेवटचं विष घालतोच. पिसानेल्लोने १४४५ मध्ये सिजिस्मोंदोचंही पदक केलंय. आणि पिएरो देल्ला फ्रांचेस्काने रंगवलेलं सिजिस्मोंदोचं चित्र १९७८ पासून लूव्रमध्येच आहे! तेही एका बाजूने काढलेलं, जवळपास याच आकाराचं. मुलीचं चित्र तिथे १८९३ मध्ये आलं. ८५ वर्षं बाई एकटी राहिली आणि मग नवरा त्याच इमारतीत राहायला आला. अर्थात ती जिनेव्रा असेल तर.

टाकादोरा
अरे देवा. तिथेही पाठ सोडली नाही.

ओसरीवरचा
म्हणूनच ती बाजूला बघते. आता सगळा उलगडा झाला.

मंजिरी_नाशिक
किती वाचू आणि किती नको असं झालं. सगळ्यांचे आभार. @बखरबहाद्दर, नवऱ्याचं चित्र मी पाहिलंच नाही. कळलं असतं तर नाक मुरडून आले असते.

माझ्या मूळ प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर. बाही म्हणते एस्टे, आणि ते बहुतेक सगळ्यांना मान्य. त्यापुढे लेक की सून, हे बाही सांगत नाही, रंगही पुलावात गेले. म्हणजे उरते ती डहाळीच. मी काडी काडी म्हणून तिला हिणवत होते, पण त्या अख्ख्या चित्रात नावाबद्दल बोलणारी तेवढी एकच वस्तू आहे. ज्याने तिला टोचणारी डहाळी खोचायला लावली त्याला उत्तर ठाऊक होतं. तेव्हा माझं मत जिनेव्राला, साठ टक्के. उरलेले चाळीस निरंजन यांच्याकडे.

अवांतर: चित्राची प्रिंट मागवली होती, ती काल फ्रेमवाल्याकडे टाकली. त्याने निरखून पाहिलं आणि विचारलं, "काकू, खाली नावाची पट्टी करायची का?" म्हटलं, थांब दोन दिवस, चर्चा चालू आहे. तो घाबरून बघायला लागला. त्याने माउंट कुठला टाकायचा तेही विचारलंय. हिरवा चालेल का?

टाकादोरा
हिरवा नको! मागची पानं मरतील. मोतिया घ्या, बाहीतले मोती उठतील. आणि माउंट रुंद ठेवा, चित्र लहान आहे.

निरंजन_म्युनिक
पट्टीवर 'जिनेव्रा' लिहिणार असाल तर पुढे प्रश्नचिन्ह घाला. माझे चाळीस टक्के.

रेनकोट
पट्टी राहू दे. फ्रेमच्या कोपऱ्यात मंजिरी खोचा.